मधली चार घरं

चष्मेवाल्यांच्या झोपायच्या खोलीत छतातून पाणी ठिबकायला लागलं. कोणीही शहाण्या माणसानं वर जाऊन दार वाजवलं असतं. चष्मेवाले गेले नाहीत.

कारण वर मास्तर राहायचे. एकटा जीव, निवृत्त. त्यांनीच चष्मेवाल्यांना नुकताच बुद्धिबळातला एक बचाव शिकवला होता. काळी मोहरी घ्यायची आणि अजिबात घाई करायची नाही. पटाची मधली चार घरं समोरच्याला खुशाल बळकावू द्यायची. आपण प्यादी एकेक घर सरकवायची, उंट कोपऱ्याशी दबा धरून बसवायचा, राजा किल्लेकोटात घालायचा. समोरचा काय करतो ते बघून मगच आपला बेत ठरवायचा. तो पसरत पुढे आला की त्याची मागची बाजू उघडी पडते. तेव्हा मध्यावर घाव घालायचा. हे चष्मेवाल्यांना इतकं पटलं, की आपल्या चष्म्यांच्या दुकानातही ते गिऱ्हाइकानं तोंड उघडेपर्यंत गप्प बसायला लागले. काही गिऱ्हाइकं तशीच निघून गेली.

"अहो, वर जाऊन सांगा ना," बायको म्हणाली. तिचं शिलाई मशीन त्याच खोलीत होतं आणि सोमवारपर्यंत एका हॉटेलचे पडदे द्यायचे होते. एवढं मोठं काम तिला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि ते हातचं गेलं तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

"आपण आधी बोललो की अडकलो," चष्मेवाले म्हणाले. "मग अर्धा खर्च आपल्याच गळ्यात. त्यांनाच येऊ दे विचारायला."

"त्यांना कळणार कसं? पाणी काय वर चढतं?"

चष्मेवाल्यांनी बादली आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ठिबक पलंगावर आली. पलंग बाहेरच्या खोलीत हलवला, म्हणून सोफा गॅलरीत गेला. कपाट ओढून बोळात आणलं, तर फ्रिजचं दार अर्धंच उघडायला लागलं. दुधाचं पातेलं काही केल्या बाहेर येईना. बायको छत्री बांधून तिच्याखाली शिवत होती. छत्रीवरून ओघळलेलं पाणी नेमकं एका पडद्यावर पडलं आणि त्यावर पिवळा डाग उमटला. तिनं तो पडदा बाजूला ठेवला आणि बोलणंच बंद केलं. हिला आता डावपेच कळायला लागले, असं समजून चष्मेवाले खूश झाले.

संध्याकाळी वर रोजचा डाव मांडताना मास्तरांनी विचारलं, "घरी सगळं ठीक?"

"एकदम."

"नाही, सोफा गॅलरीत दिसला."

"हवा छान येते हो तिथं."

मास्तरांनी एक प्यादं एक घर सरकवलं. तेही त्याच बचावाचे.

शनिवारी सकाळी छताचा पोपडा थेट बादलीत पडला. आता घाव घालायचाच, असं ठरवून चष्मेवाले दुपारी दुकान लवकर बंद करून आले. घरात बायको नव्हती. मशीन नव्हतं. पडदेही नव्हते. घाव वगैरे सगळं ते विसरले. बावीस वर्षांत ती न सांगता कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेली नव्हती. ते धापा टाकत वर गेले.

मास्तरांचं दार उघडंच होतं. खोलीच्या मधोमध मशीन धडधडत होतं आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पडदे पसरले होते. मास्तर स्वयंपाकघरात स्टुलावर, मांडीवर ताट घेऊन जेवत होते.

"वहिनी सकाळी आल्या," ते हळूच म्हणाले. "म्हणाल्या, इथं कोरडं दिसतंय. म्हटलं, बघू तरी काय करतात."

"मग?"

"मग हे असं. प्लंबरला फोनही त्यांनीच लावला."

"अहो, पडद्यावर पाय देऊ नका!" पडद्यांच्या ढिगामागून बायकोचा आवाज आला. तो ऐकून चष्मेवाल्यांना इतकं हायसं वाटलं, की ते उंबऱ्यावरच बसले.

प्लंबरनं मास्तरांच्या न्हाणीघराची फरशी फोडली, पाइप बदलला आणि दोन दिवस पाणी सोडू नका म्हणून बजावून गेला. वरची खोली पडद्यांनी भरलेली, नळ बंद. मास्तर चादर घेऊन खाली आले. खर्च कोणी करायचा, हे दोघांनीही विचारलं नाही.

रविवारी दोघांनी पलंगावर पट मांडला.

"पांढरी तुम्ही घ्या," चष्मेवाले म्हणाले.

"छे छे, पाहुणा मी. काळी मला द्या."

"शिकाऊ मी आहे. काळी मलाच हवी."

दोघंही हाताची घडी घालून बसले. चहा निवला. तेवढ्यात बायको आली. डाग पडलेला पडदा तिनं नव्यानं शिवला होता आणि वर सगळे गठ्ठे बांधून तयार होते. तिनं दोघांकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं आणि राजापुढचं पांढरं प्यादं उचलून दोन घरं पुढे ठेवलं.

"झाली सुरुवात," ती म्हणाली. "आता उठा दोघंही. एकेक गठ्ठा घ्या आणि खाली रिक्षात ठेवा."