असल बरहुकूम भूत

भुताच्या सिनेमात भूत पडद्यावर आलं की बाकीचे लोक डोळे मिटत. आमचे मुन्शीचाचा उभे राहत. रुमी टोपी नीट करत, घसा साफ करत आणि भर तंबूत, कचेरीत पुकारा करावा तशा सपाट आवाजात म्हणत, "फेरफार."

एवढंच. मग खाली बसत. पण त्या एका शब्दानं भुताची सगळी हवा निघून जाई. मागून कोणीतरी हसे, मग सगळा तंबू हसे, आणि पडद्यावरची ती बिचारी हडळ नुसतीच तोंड उघडून उभी राही.

मुलांनो, तुम्ही तिकडे लांब बसून जुन्या भीतिकथांवरचे सिनेमे बघता आणि मला कळवता की पुस्तक बरं होतं, सिनेमा फसला. का फसला, हे मात्र तुम्हाला सांगता येत नाही. आमच्या जुन्नरला हे सांगू शकणारा एक माणूस होता, आणि तो आमच्या शेजारी राहत होता, याचा मला आजही अभिमान वाटतो. म्हणून नीट क्रमाने सांगते.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी बी.ए. होऊन, लग्न करून जुन्नरला आले होते. माझे सासरे, म्हणजे तुमचे पणजोबा, वकील. कासम मुन्शी कचेरीत नक्कलनवीस, म्हणजे मूळ कागदावरून हातानं नक्कल करून देणारे. त्यांचे आजोबा जुन्नरचा हातकागद बनवत आणि नातू त्याच पेठेत राहून कागदावर नकला उतरवी. अक्षर असं की न्यायाधीश निकाल विसरून अक्षर बघत बसत, असं मामंजी म्हणायचे. मूळ कागद म्हणजे 'असल'. नक्कल तंतोतंत जुळली की खाली लिहायचं, 'असल बरहुकूम'. जुळली नाही की 'फेरफार'. चाचांच्या जगात वस्तूंचे हे दोनच प्रकार होते. चाचींनी केलेल्या खिम्यालासुद्धा ते आपल्या अम्मीच्या खिम्याशी ताडून बघत आणि बहुतेक वेळा 'किंचित फेरफार' असा शेरा देत. चाची म्हणत, "मग अम्मीच्या कबरीवर जाऊन जेवा."

सुगी झाली की नारायणगावचे बबनशेठ आपला सिनेमाचा तंबू घेऊन येत. बाजाराच्या मैदानात तंबू उभा राही. मधे दोर, दोराच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. बबनशेठला भुताचे सिनेमे फार प्रिय, कारण त्या दिवशी पार डिंगोरे गावापासूनच्या बैलगाड्या भरून येत. आणि त्या काळी भुताचे बहुतेक सिनेमे विलायती गोष्टींवरून उचललेले असत. मला कॉलेजात बक्षीस मिळालेल्या जाड पुस्तकात त्यातल्या पुष्कळ गोष्टी होत्या. हे चाचांना कळलं आणि माझा रविवार संपला.

"सूनबाई," ते म्हणाले, "असल पाहिल्याशिवाय नकलेवर मत देणं हा गुन्हा आहे. वाचा."

मी त्यांच्या ओसरीवर बसून इंग्रजी गोष्ट मराठीत वाचून दाखवायची. चाचा डोळे मिटून साक्ष ऐकल्यासारखे ऐकत. चाची पलीकडे वाकळ शिवत बसलेल्या. भुताची चाहूल लागावी, माझ्याच अंगावर काटा यावा, आणि तेवढ्यात चाचा म्हणत, "थांबा. दार आतून बंद होतं की बाहेरून?"

"आतून."

"मग मजकूर भूत आलं कुठून?" 'मजकूर' म्हणजे कचेरीच्या भाषेत 'सदरचं'.

"भूत आहे ते, चाचा."

"ठीक. नोंद झाली. पुढे."

तुम्हाला वाटेल, हा नुसता आडमुठा माणूस असणार. तसं नाही. हवेलीचा वाडा झाला, बग्गीचा टांगा झाला, मेरीची मीरा झाली, याला त्यांची हरकत नसे. "ते भाषांतर. कायद्यानं चालतं." त्यांचा नियम निराळा होता, आणि तो मला कॉलेजात कोणी शिकवला नव्हता. ते म्हणत, "गोष्टीत भीती कुठं ठेवली आहे, ते बघायचं. जिन्यावर ठेवली असेल तर जिन्यावरच पाहिजे. ती उचलून विहिरीवर नेली की नक्कल बाद."

एका गोष्टीत भूत अखेरपर्यंत एक शब्द बोलत नाही, आणि सगळी भीती त्या न बोलण्यात आहे. सिनेमात ते भूत झोक्यावर बसून तीन कडव्यांचं गाणं म्हणालं. चाचा पहिल्या कडव्यालाच उठले. "फेरफार. मजकूर भूत विलायतेत मुकं होतं."

दुसऱ्या एका सिनेमात शेवटी भूत म्हणजे इस्टेटीवर डोळा ठेवलेला दिवाणजी निघाला, पांढरी चादर पांघरून. तेव्हा चाचा उठलेच नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "हा फेरफार नाही. ही फसवणूक आहे. कलम निराळं."

बबनशेठ हात जोडून यायचे. "मुन्शीजी, आमी काय तुमचं वाईट केलंय? फुकाट बसा, पुढं बसा, पर गप बसा राव. तुमी उठला की भुताचं माकड व्हतं."

"फुकट केलेली नक्कल कोर्टात चालत नाही, शेठ. तिकीट काढूनच बोलतो."

"मग एकदा तरी बरं बोला की."

"तुम्ही एकदा तरी बरं आणा."

खरी गंमत अशी की लोक चाचांमुळेच येत. 'मुन्शी आज उठणार का' यावर पारावर पैजा लागत. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत सिनेमावर लिहिणारे असतील. आमच्याकडे प्रत्यक्ष निकाल देणारा होता.

चाची मात्र कधीच सिनेमाला गेल्या नाहीत. "अंधारात बसून भूत बघायचं? घरात उजेडात एक हाय की," असं चाचांकडे बघून म्हणायच्या.

एका रविवारी मी जी गोष्ट वाचली, ती त्या पुस्तकातली सगळ्यात छोटी. दलदलीच्या काठी एक बाई राहते. तिची लहान मुलगी दलदलीत हरवली आहे. बाई रोज खिडकीत दिवा लावते. एका रात्री मुलगी खरंच येते, उंबऱ्याशी उभी राहते. आई धावत जाते. मुलगी तिच्याकडे बघते, पण परक्या बाईकडे बघावं तशी. ओळखत नाही. आणि वळून परत जाते. गोष्ट तिथंच संपते.

चाचांनी डोळे उघडले नाहीत. पलीकडे चाचींची सुई थांबली होती.

"वळखलंच न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही, चाची."

"आईला?"

त्यांनी वाकळ गुंडाळली आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही. संध्याकाळी सासूबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ते मला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं. चाचींना एक मुलगी होती, नूर. सहा वर्षांची. चाची बहिणीच्या बाळंतपणासाठी डिंगोऱ्याला माहेरी गेल्या असताना नूरला ताप भरला. निरोप जाऊन, बैलगाडीनं चाची परत येईपर्यंत मुलगी भ्रमात गेली होती. आईनं कपाळावर हात ठेवला तेव्हा ती तो हात ढकलून 'माझ्या अम्मीला बोलवा' म्हणत राहिली. तसंच म्हणत गेली.

त्या रविवारनंतर काही महिन्यांनी तंबू पुन्हा आला आणि बबनशेठचा टांगा ताशा वाजवत पेठेतून फिरला. फलकावर खिडकीतला दिवा, दारात लहान मुलगी. तीच गोष्ट. मी चाचांकडे बघितलं. त्यांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला होता.

संध्याकाळी चाची ओसरीवर आल्या आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला सिनेमाबद्दल विचारलं. "आज जाऊन या. बाकीचं काय बी सांगू नका. पोरगी आईला वळखती का, तेवढंच सांगा. वळखत आसंल तर मी बी बघीन म्हणते."

चाचा मान डोलावून आमच्या दारात आले. "सूनबाई, शेवटचं पान पुन्हा वाचता? वाचण्यात काही राहिलं असेल."

मी वाचलं. काही राहिलं नव्हतं.

"हं," ते म्हणाले आणि टोपी घालून निघाले.

त्या रात्री तंबू खच्चून भरला. सासूबाई आणि मी बायकांच्या बाजूला दोराशेजारी बसलो होतो. चाचा पलीकडे नेहमीच्या जागी. सिनेमा खरं सांगते, चांगला होता. दलदलीच्या जागी खाडी घेतली होती, बाईला नऊवारी नेसवली होती. भाषांतर, कायद्यानं चालणारं. भीती मात्र जिथल्या तिथं होती, त्या उंबऱ्यावर. मुलगी येऊन उभी राहिली तेव्हा तंबूत एक बांगडी वाजली नाही. आई धावली. मुलीनं परक्यासारखं बघितलं, वळली, दोन पावलं गेली.

आणि थांबली. मान वळवून आईकडे नीट बघितलं. "माँ," म्हणाली आणि धावत येऊन गळ्यात पडली. सनई सुरू झाली.

भीती अलगद उचलून बाहेर फेकून दिली होती. यापेक्षा मोठा फेरफार त्या तंबूत आजवर झाला नव्हता, आणि हे दोघांनाच माहीत होतं, चाचांना आणि मला.

चाचा उठले. मागचे लोक हसायच्या तयारीत. बबनशेठ खांबाला टेकून, कपाळाला हात लावून उभे. मशीनवाल्यानंही खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. चाचांनी टोपी नीट केली, घसा साफ केला. टोपी पुन्हा एकदा नीट केली. मग कचेरीच्या त्याच सपाट आवाजात म्हणाले, "असल बरहुकूम."

तंबूत कोणीच हसलं नाही. मग मागून एकानं टाळी वाजवली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बबनशेठ खाली बसले ते बराच वेळ उठेनात. "न्हाई, चक्कर आली," एवढंच म्हणाले.

परत येताना चाचा आमच्याबरोबर चालत होते. सासूबाई दोन पावलं पुढे गेल्या तसे म्हणाले, "सूनबाई, पुस्तक तुमचं जुनं आहे."

"हो, चाचा."

"जुन्या पुस्तकांत छापणाऱ्यांच्या चुका राहतात."

"राहतात," मी म्हणाले.

तीस वर्षं नकला करणाऱ्या त्या माणसानं माझ्या उत्तरावर इतका सुटकेचा श्वास टाकला की मला त्यांच्याकडे बघवेना. चाची दारात उभ्याच होत्या.

"वळखली?"

"ओळखली. आधी चुकली, मग मान वळवून नीट बघितलं आणि ओळखली. हाक मारली."

"पर पुस्तकात तर..."

"पुस्तकात चूक आहे. सूनबाईंनी कबूल केलं आहे."

चाचींनी माझ्याकडे बघितलं. मी कॉलेजात शिकलेली होते, इंग्रजी मला येत होतं, पेठेत माझा शब्द त्या बाबतीत शेवटचा समजत. तो शब्द मी आयुष्यात याहून चांगल्या कामाला वापरला नाही. म्हणाले, "हो चाची. मूळ गोष्ट अशीच आहे."

दुसऱ्या दिवशी चाची बुरखा घालून माझ्याबरोबर तंबूत आल्या. बबनशेठनं स्वतः येऊन त्यांच्यासाठी सतरंजी अंथरली. "बसा भाभी, तुमच्या मालकांनी माझी लाज राखली."

चाची बुरख्याची जाळी वर करून बसल्या. मुलगी उंबऱ्यावर आली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. मुलगी वळली, थांबली, 'माँ' म्हणाली, तरी त्यांनी ते सोडलं नाही. सनईचा आवाज मोठा झाला तेव्हा त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"सूनबाई, पुस्तकात आसं न्हाईच ना?"

मी पडद्याकडेच बघत राहिले.

"ऱ्हाऊ दे. मला ठावं हाय, हे त्यांना म्हणू नको. खोटं बोलायची सवय न्हाई त्यांना. रातभर झोपले न्हाईत."

तंबूच्या बाहेर चाचा कंदील घेऊन उभे होते. चाचींना काही विचारायचा धीर त्यांना होईना, म्हणून ते पुढे होऊन चालू लागले आणि वाटेत सिनेमातल्या बारीकसारीक चुका सांगू लागले. खिडकीतला दिवा एकदा पितळी होता, एकदा मातीचा. पाटील आला तो पांढऱ्या घोड्यावर, गेला तो काळ्या.

"घोडा बदलला, तुम्ही पाहिलंत ना?" त्यांनी मागे न वळता विचारलं.

"व्हय," चाची म्हणाल्या, "बदलला खरा."

मी त्यांच्या शेजारीच बसले होते. पाटील आला तेव्हापासून त्यांचे डोळे भरलेले होते. घोडा त्यांनी पाहिलाच नव्हता.