रेघेतली स्कूटर

आमचे वासूकाका स्कूटर उभी केली की डिकीतून एक स्टीलचा डबा काढतात आणि तिच्याभोवती रांगोळीची रेघ ओढतात. बाजार असो, देवळाचे आवार असो, कुणाच्या लग्नाचा मांडव असो. मग दोन पावले मागे सरून, जो कोणी जवळ असेल त्याला विचारतात, "चाक रेघेत आसा मरे?" तो हो म्हणाला की साक्षीदार झाला. लगेच त्याचे नाव-गाव विचारून घेतले जाते. हरमलच्या किनाऱ्यावर एका गोऱ्या बाईने ही काहीतरी पूजा आहे असे समजून स्कूटरला भक्तिभावाने हात जोडले होते. काकांनी तिलाही सोडले नाही.

मी मूळचा गोव्यातल्या साखळी गावचा. बदली होऊन पेडण्याला आलो त्याला सहा महिने झाले आणि खोली मिळाली ती नेमकी काकांच्या समोर. पहिल्याच सकाळी दारावर थाप. "पुता, तुजी मोटारसायकल रेघेच्या वीतभर भायर आसा." मी लुंगीवरच धावत जाऊन ती आत घेतली. मी घाबरट माणूस आहे हे इथेच सांगून टाकतो. सरकारी नोकरी, त्यामुळे आपले नाव कुठल्याही भानगडीत येऊ नये एवढीच माझी इच्छा असते.

काका तीस वर्षे डिचोलीकडच्या एका खाणीत वजनकाट्यावर होते. ट्रक काट्यावर चढला की सगळी चाके पट्ट्याच्या आत हवीत, नाहीतर वजन चुकते. खाण बंद झाली, काका घरी बसले, पण डोक्यातला काटा काही उतरला नाही, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. पाव घेऊन येणाऱ्या पदेराची सायकलसुद्धा ते सरळ करून लावत. स्वतःच्या अंगणात तर खिडकीसमोर त्यांनी पांढऱ्या ऑइलपेंटची चौकटच रंगवली होती. त्या खिडकीत काकी दिवसभर बसून असत. "ती मात्शी विसरता," जरासे विसरते, एवढेच काका एकदा म्हणाले होते.

दुसरे खूळ एक वाजताचे. जग इकडचे तिकडे होवो, दुपारी एकच्या ठोक्याला काका स्कूटरसकट घरात हवेत. जेवणाची वेळ पाळणारी माणसे असतात, त्यातलाच हा प्रकार, असे मी धरून चाललो होतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी ते मला मागे बसवून हरमलला घेऊन गेले. काकींचे माहेर तिथले आणि त्यांना तारले मासे लागतात तेही तिथल्याच होडीचे. किनाऱ्याजवळ एक शेत आहे. पूर्वी भाताचे होते, आता दोऱ्या बांधून गाड्या लावायला दिले आहे. ठेकेदाराच्या वतीने फोंडू नावाचा सावंतवाडीकडचा एक पोक्त माणूस तिथे बसतो. काकांनी वीस रुपये दिले, दोरीच्या आत स्कूटर लावली, रेघ ओढली. साक्षीदार मी.

साडेअकराला मासळीची पिशवी घेऊन परत आलो तर स्कूटर दोरीबाहेर, वाटेत. मागच्या चाकाला पिवळा जॅमर. आमच्या जागेवर एक भलीमोठी जीप. त्यात धूळ बसावी म्हणून शेतभर पाणी मारलेले, त्यामुळे रांगोळीचा मागमूस नाही.

"पाचशे दंड," फोंडू म्हणाला. "गाडी वाटेत लावलास, काकानू."

"हांवें लायली? तुमी उचलून भायर दवरली! हो पळय साक्षीदार!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "रेघ होती," मी पुटपुटलो.

"खय आसा रेघ?" फोंडूने विचारले.

बघता बघता दहाबारा माणसे जमली. ठेकेदाराला फोन झाला. तो म्हणाला, दंड भरल्याशिवाय जॅमरची चावी द्यायची नाही. काका दर दोन मिनिटांनी मनगटावरचे घड्याळ बघत होते. कपाळावरचा घाम पुसायचेही त्यांना सुचत नव्हते. मी हळूच म्हणालो, "काका, आपण बसने जाऊ. स्कूटर उद्या बघू." त्यावर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी एक पाऊल मागे सरलो.

"स्कूटर घरा वचपाक जाय," ती घरी जायलाच हवी अशा हट्टाने ते म्हणाले. "एक वाजचे आदीं."

आणि मग रागाच्या भरात ते शेजारच्या हातगाडीवरून एक नारळ घेऊन आले. शेताच्या कोपऱ्यात, झाडाखाली, गावच्या राखणदाराचा, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. नारळ तिथे ठेवून म्हणाले, "फोंडू, राखणदारामुखार सांग. स्कूटर तुवें उचलूंक ना म्हूण सांग, हांव आत्तां हजार दितां."

फोंडूचा चेहरा उतरला. त्याने आधी पायातल्या चपला काढल्या. "काकानू, असा नाय सांगूचा. गाऱ्हाणा घालणारे गावकार येऊक होये. ते जेवान अडीच वाजता येतत. मगे मी खरा काय ता सांगतंय."

गर्दीतून हुश्श झाले. अर्थ उघड होता. अडीच वाजता, गावकराने देवाला साद घातल्यावर, फोंडू खोटे बोलणार नव्हता. काकांनी लढाई मारली होती, फक्त दोन तास झाडाखाली बसायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुठल्या तरी भानगडीत जिंकणाऱ्याच्या बाजूला उभा होतो.

काकांनी घड्याळ पाहिले. साडेबारा. त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढून फोंडूच्या हातात कोंबली. "चावी दी."

"काका! आपण जिंकलोय!"

"बस फाटल्यान," म्हणत त्यांनी मागची सीट थोपटली.

फोंडू नोट धरून नुसताच उभा राहिला. जॅमर काढताना त्याने मान वर केली नाही.

तो परतीचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. ताशी पन्नासच्या पुढे कधी न जाणारे काका वळणावरसुद्धा वेग कमी करीत नव्हते. मी एका हाताने तारले आणि एका हाताने जीव धरून बसलो होतो. फाटकात शिरलो तेव्हा एकाला दोन मिनिटे होती. काकांनी घाईघाईने स्कूटर उभी केली, पिशवी घेतली आणि आम्ही आत गेलो.

काकी खिडकीशीच होत्या. त्यांनी काकांकडे पाहिले, किंचित हसल्या आणि परक्याशी बोलावे तशा अदबीने म्हणाल्या, "बसात, भाऊ. आमचे हे अजून येवंक नात. ते आयल्याबगर हांव जेवना."

बोलताना त्यांची नजर काकांच्या खांद्यावरून अंगणाकडे होती. मी वळून पाहिले. घाईत स्कूटरचे पुढचे चाक पांढऱ्या चौकटीच्या हातभर बाहेर राहिले होते.

काका पिशवी माझ्याकडे देऊन बाहेर गेले. स्कूटर स्टँडवरून काढली, मागे घेतली, पुढे घेतली, पुन्हा थोडी मागे. मग त्याच दारातून परत आत आले.

"आयल्यात?" काकींचा चेहरा एकदम उजळला. "कितलो वेळ! हातपाय धुवात, पानां वाडटां."

रांगोळीचा डबा टेबलावर होता. त्याच्या झाकणावर काकींचे नाव कोरलेले मी इतक्या दिवसांत वाचले नव्हते. त्या रांगोळी काढायच्या विसरल्या, तेव्हा डबा काकांकडे आला असावा. सहा महिने मी या माणसाला मनातल्या मनात हसत होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

न्हाणीतून काकांचा आवाज आला. "पुता, चाक रेघेत आसा मरे?"

मी अंगणात उतरलो, गुडघ्यांवर बसून पुढचे चाक पाहिले, मागचे पाहिले. मग आत ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात ओरडून सांगितले, "आसा, काका. बरोबर रेघेत आसा."