खालच्या पट्टीतलं गुपित

रविवारी दुपारी जेवणं आटोपून वहिनींनी फोनवर चर्चच्या मंडळीचा ग्रुप उघडला आणि त्यांना स्वतःच्याच दाढा दिसल्या. फोटोत त्या ऑर्गनसमोर बसल्या होत्या. मान मागे, डोळे मिटलेले, तोंड सताड उघडं. खाली नणंदेने लिहिलं होतं, 'उपदेशात तल्लीन झालेल्या आमच्या वहिनी.' आणि त्याखाली चर्चमधली झाडून सगळी माणसं हसून लोळणारे पिवळे चेहरे पाठवत होती. खजिनदारांचं तर एकदा पाठवून समाधान झालं नव्हतं.

लग्न होऊन आल्यापासून त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आल्या होत्या, आणि क्वायरच्या पहिल्या रांगेतून नणंद 'वहिनी, चल, सूर दे' म्हणत आली होती. म्हणून सगळी मंडळीच त्यांना वहिनी म्हणे. पूर्वी दोघींचं वाजलं तर स्वयंपाकघरात वाजायचं आणि चहा उकळेपर्यंत मिटायचं. ऐकायला फार तर भांडीकुंडी. आता भांडणालाही प्रेक्षक आले होते.

"थांबा, वन्सं, दाखवतेच तुम्हाला," म्हणत वहिनींनी माइकचं चिन्ह दाबून वर सरकवलं. लिहायला बोटं वळत नसत, म्हणून ही युक्ती सुनेने शिकवली होती. एकदा सरकवलं की हात न लावताही बोलणं भरलं जाई. "वन्सं, आज एकदा सांगूनच टाकते—"

आणि जीभ अडली. उपदेशाचा शेवट तेवढा त्यांनी जागेपणी ऐकला होता. पाळकसाहेब म्हणाले होते, "रागाच्या भरात ग्रुपवर काही टाकण्याआधी त्या माणसाचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करा. मग वाटलंच, तर टाका."

वहिनींनी फोन तसाच टेबलावर ठेवला आणि हात जोडले.

"प्रभू, माझ्या नणंदेला क्षमा कर. चारचौघांत काय बोलावं, हे तिला या वयातही कळत नाही. मी झोपले होते, हे तुला ठाऊक आहे. उपदेश फार लांबला होता, हेही तुला ठाऊक आहे. पण मी कधी तिचं हसं केलं का? वरच्या सुरावर तिचा आवाज फाटतो, म्हणून प्रत्येक गीत मी गुपचूप खालच्या पट्टीत वाजवते. तिला वाटतं, गळा अजून तसाच चढतो. वाटू दे बिचारीला. हे तुझ्यामाझ्यातच राहू दे. आमेन."

मन हलकं झालं. काही पाठवायचंच नाही, असं ठरवून त्यांनी अर्धवट निरोप टाकून देण्यासाठी फोन उचलला, आणि नको तो बाण दाबला.

"अगं बाई, गेला!"

घाईघाईने त्यांनी निरोपावर बोट दाबून धरलं. फोनने विचारलं, पुसायचं ते सगळ्यांसाठी, की फक्त तुमच्यासाठी? वहिनींनी विचार केला. चूक आपली, सगळ्यांना कशाला तसदी? त्यांनी 'फक्त माझ्यासाठी' दाबलं. निरोप नाहीसा झाला, आणि वहिनी निश्चिंत मनाने चहा ठेवायला उठल्या.

तेवढ्यात फोन किणकिणला. 'आमेन.' मग बेकरीवाल्यांचं, 'आमेन, वहिनी.' मग पाळकसाहेबांचं, 'आमेन. पुढच्या रविवारी आटोपतं घेईन.'

वहिनी बुचकळ्यात पडल्या. मग सुनेचा फोन आला.

"आई, काय हो केलंत हे?"

"मी काय केलं? आणि हे आमेन कसलं चाललंय?"

"तुमच्या प्रार्थनेचं! आत्याबाईंचा आवाज फाटतो म्हणे."

"ती तर मी पुसली!"

"तुमच्या फोनातून पुसलीत. बाकी सगळ्यांकडे आहे तशीच आहे. शिवणवाल्या मावशींनी घरात सगळ्यांना ऐकवली."

वहिनींनी फोन ठेवला. फोटोचा राग कुठल्या कुठे गेला. नणंदेला ना नवरा, ना मूल. मिरवावं असं तिच्याकडे एकच होतं, तो आवाज. येत्या रविवारी ती कुठल्या तोंडाने पहिल्या रांगेत उभी राहणार?

चहा तसाच टाकून, पायांत चपला सरकवून त्या मागच्या गल्लीत नणंदेकडे गेल्या. दार उघडलं तेव्हा नणंदेच्या हातात फोन होता.

"वन्सं, मी—"

"केव्हापासून?"

"काय?"

"केव्हापासून खालच्या पट्टीत वाजवतेस?"

"तुम्हाला ते मोठं पडसं झालं होतं ना, तेव्हापासून."

"अगं, तेव्हा तुझा लेक शाळेत होता!"

"हो."

"म्हणून पुरुषांना खालचे सूर लागत नाहीत! आणि मी मेली दर तालमीला त्यांच्या अंगावर ओरडते."

मग ती खुर्चीत बसली.

"फोटो टाकताना वाटलं, चार माणसं हसतील. तू घरी एकटी बसून तो बघशील, हे मनात आलंच नाही गं." तिने चष्मा लावला, फोटो सगळ्यांसाठी पुसला, आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'वहिनींची थट्टा केली ते चुकलं. सगळ्यांसमोर केली, म्हणून सगळ्यांसमोर माफी मागते.'

"आणि माझी चूक, वन्सं? ती कशी पुसू?"

"रविवारी मूळ पट्टीत वाजव."

"नका हो. फाटेल."

"फाटू दे. झाकून काय ठेवायचं आता?"

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. एरवी फक्त लग्नाला दिसणारेही आले होते. वहिनींनी मूळ पट्टी धरली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. जिथे चाल वर चढते ती तिसरी ओळ आली तेव्हा नणंदेने छाती भरून श्वास घेतला आणि वहिनींनी डोळे घट्ट मिटले.

तोच मागच्या बाकावरून खजिनदारांनी मोठ्याने सूर लावला. मग बेकरीवाले, शिवणवाल्या मावशी, खुद्द पाळकसाहेब. इतकी वर्षं नुसते ओठ हलवणारी सगळी मंडळी उठून उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून वरचा सूर ओरडू लागली. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. त्या गदारोळात नणंदेचा आवाज फाटला की चढला, हे शेजारी उभ्या असलेल्यांनाही कळलं नाही.

गीत संपलं. डोळे पुशीत नणंद ऑर्गनवर वाकली.

"वहिनी, काय बेसूर गातात गं हे सगळे! बुधवारपासून एकेकाला तालमीला बसवते."