नवरदेव पुढे, ड्रायव्हर मागे

"माझ्या भावाची वरात माझ्याच गाडीत जाईन! अन् अशी जाईन का अड्याळवाले जिंदगीभर सांगतीन!"

पंच्याहत्तर सालच्या वैशाखात करडीच्या तेजरामने भर आखरावर, गुरं सोडायला जमलेल्या पंधरावीस माणसांसमोर हे सांगून टाकलं. माणसाने बोलावं, पण थोडं हातचं राखून बोलावं. तेजरामला ते कधी जमलं नाही.

गाडी म्हणजे एक म्हातारी अमेरिकन पिकअप. दुसऱ्या महायुद्धात समुद्र ओलांडून आलेली आणि मग मिलिटरीने लिलावात काढलेली. पुढे केबिन, मागे माल टाकायला उघडा डाला, आणि स्टेअरिंग डाव्या बाजूला! गावात तिला नुसतं 'अमेरिकन' म्हणत. तीन वर्षं ती तेजरामच्या अंगणात विटांवर उभी होती. बोनेटवर त्याची बायको रुखमा मोहफुलं वाळवायची आणि केबिनमध्ये कोंबड्या अंडी द्यायच्या. या तीन वर्षांत तेजरामने तिचा एकेक नटबोल्ट स्वतःच्या हाताने खोलला, घासला आणि परत बसवला. उरलेले नट एका डब्यात ठेवले. डबा बराच जड होता.

गाडीचं मूळ इंजिन पेट्रोलवर चालायचं. चालायचं म्हणजे प्यायचं! पेट्रोल तर नुकतंच कडाडलेलं. तेव्हा तेजरामने आपल्या विहिरीवरचं डिझेलचं इंजिन उचकटून आणलं आणि अमेरिकनच्या पोटात घातलं. विहिरीवरच्या इंजिनांचा एवढा जाणकार पंचक्रोशीत दुसरा नव्हता, हे मात्र खरं. अडचण एकच आली. इंजिन सरळ बसवलं की धुराडं मागे यायचं आणि सगळा धूर डाल्यात जायचा.

"अजी, नवरदेव बोहल्यावर कोळसा होऊन चढन का?" रुखमा म्हणाली.

"थांब, इंजिनच फिरवून टाकतो!"

आणि त्याने इंजिन शेंडा-बुडखा फिरवून बसवलं. विहिरीवर तो हे नेहमीच करायचा. इंजिनाचं तोंड कुठेही असो, पंप उलटा फिरायला लागला तर मधल्या पट्ट्याला एक पीळ द्यायचा, की झाला सरळ. साधं काम! पण अमेरिकनमध्ये पट्टाच नव्हता. इंजिन थेट गिअरपेटीला जोडलेलं होतं. जन्मभर पट्ट्यावर काम केलेल्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी चाचणी झाली. गाडी विटांवर, चाकं अधांतरी. फट फट फट करत इंजिन सुरू झालं, तेजरामने गिअर टाकला आणि मागची चाकं गरगरा फिरली. टाळ्या पडल्या! चाक फिरतंय हे सगळ्यांनी पाहिलं. कुणीकडे फिरतंय हे एकानेही पाहिलं नाही. टायर भंडाऱ्याहून यायचे होते, ते आले लग्नाच्या दिवशी सकाळी.

आता नवरदेवाचं सांगतो. इश्वर, तेजरामचा धाकटा भाऊ, वय चौतीस. दोन ठिकाणी जुळून मोडलेलं. बिचाऱ्याने आशा सोडली होती, तेवढ्यात अड्याळच्या श्यामरावांची मुलगी पंचफुला हिने त्याला होकार दिला. श्यामराव माणूस चांगला, पण घड्याळाचा पक्का. त्यांनी सुपारी फोडतानाच बजावलं होतं, "गोरज मुहूर्त आहे. सूर्य बुडाला अन् नवरदेव मांडवात नसला, तं माझी पोरगी बोहल्यावर नाई चढत. मागच्या साली पुतणीचं असंच मोडलं मी." वऱ्हाडी मंडळी सकाळच्या एस.टी.ने पुढे गेली. इश्वरही निघाला होता. तेजरामने त्याला दंडाला धरून उतरवून घेतलं.

दुपारी दोन वाजता अमेरिकन सजली. डाल्यात खुर्चीवर बाशिंग बांधलेला इश्वर, शेजारी सत्यभामाबाई आत्या, आणि चार डफडेवाले. केबिनमध्ये तेजराम आणि रुखमा. नारळ फुटला, "बजरंगबली की जय" झालं. तेजरामने पहिला गिअर टाकला.

गाडी झपकन मागे गेली आणि भाताच्या तणसाच्या ढिगात घुसली! नवरदेव दिसेनासा झाला.

"दादा! काय होऊन राहिलं?" तणसातून आवाज आला.

"काई नाई! चुकून रिव्हर्स पडला!"

दुसरा टाकला, गाडी मागे. तिसरा टाकला, आणखी जोरात मागे. चौथा टाकायला जागाच उरली नव्हती. शेवटी घाम पुसत त्याने रिव्हर्स टाकला, तेव्हा अमेरिकन पुढे निघाली. पण कशी? शेजारची एक कोंबडी तिच्यापुढून चालली होती, ती सहज पुढे निघून गेली.

तेजराम खाली उतरला. इंजिनाकडे पाहिलं, गिअरपेटीकडे पाहिलं. सगळं एका क्षणात कळलं. इंजिन उलटं बसलं, तसे सगळे गिअरही उलटे झाले होते. इंजिन काढून परत बसवायला दोन दिवस हवेत. हातात होते साडेचार तास. पुढे जाणाऱ्या त्या एकुलत्या गिअरमध्ये अड्याळला पोचायला उद्याची सकाळ झाली असती. वेळेत पोचवणारी एस.टी. निघून गेलेली.

इश्वर तणीस झटकत म्हणाला, "दादा, मी सकाळी बसमंदी बसलो होतो." एवढंच म्हणाला. त्यापेक्षा त्याने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर तेजरामला बरं वाटलं असतं.

"मागं का होईना, चालते तं खरी!" रुखमा एकदम कडाडली. "फिरवा तिचं बूड अड्याळकडं अन् चला!"

"उलट्या पायानं भूत चालते, बाई!" आत्या ओरडली. "नवरदेव नाई!"

"आत्याबाई, पोचला नाई तं भूतच होऊन बसन तो जन्मभर!"

निघाले. इश्वरने खुर्चीचं तोंड रस्त्याकडे केलं. तेजराम मान पूर्ण मागे वळवून, एक हात स्टेअरिंगवर ठेवून चौथ्या गिअरमध्ये अमेरिकन हाकत होता. शेपटी धरून म्हैस हाकावी तशी गाडी झुलत होती. पण कोसभर गेल्यावर त्याच्या ध्यानात एक गंमत आली. डाव्या बाजूचं स्टेअरिंग आता उजवीकडे आलं होतं! तीन वर्षं ज्या गोष्टीला तो शिव्या देत होता, ती आपोआप दुरुस्त झाली होती.

"पाह्यलं का? आता बरोबर आपल्या देशाची झाली!"

"रस्ता पाहा!" रुखमा म्हणाली.

माणसं शेतातून धावत रस्त्यावर येत होती. इंजिन थंड ठेवायला लावलेल्या पिंपातलं पाणी दोनदा उकळलं, दोनदा थांबून भरावं लागलं. वैनगंगेच्या पुलाशी पोचले तेव्हा ऊन पिवळं पडायला लागलं होतं. पूल अरुंद. अमेरिकन मध्यावर आली आणि पलीकडून एस.टी. पुलावर चढली. तिच्या ड्रायव्हरला समोर दिसली ती अमेरिकनची पाठ. त्याला वाटलं, पुढची गाडी आपल्याच दिशेने चालली आहे. त्याने वेग कमी केलाच नाही, उलट वाट मागायला हॉर्न वाजवला! इकडे इश्वर खुर्चीवर बसून येणारी बस बघत होता. त्याने हातातली कट्यार वर करून जोरात हलवली, टोकाचं लिंबू गळून पडलं.

"दादा, बस! बस! बस!"

"बसलोच आहे ना मी!"

"एस.टी.!"

दोन्हीकडून ब्रेक लागले. नवरदेवाचे गुडघे आणि बसची काच यांच्यात वीतभर अंतर राहिलं. आत्याने डोळे मिटले होते, ते उघडायला ती तयार नव्हती.

एस.टी.चा ड्रायव्हर खाली उतरला. पांढराफटक. "काय बे, तू जाऊन राहिला का येऊन राहिला?"

"येऊन राहिलो!" तेजराम म्हणाला.

"मंग तोंड काहून तिकडं?"

सूर्य नदीच्या अंगाला कलत होता आणि मागे हटायचं तर तो कोंबडीचा गिअर! तेव्हा इश्वर उभा राहिला. बाशिंग सरळ केलं, हात जोडले. "साहेब, दोनदा मोडलं माझं. सूर्य बुडायच्या आत अड्याळले पोचलो नाई तं हे बी मोडते."

ड्रायव्हरने एकदा त्याच्याकडे आणि एकदा सूर्याकडे पाहिलं. मग सरळ बसमध्ये चढला. कंडक्टरने दोन बेल दिल्या, आणि एस.टी. मागे मागे पुलावरून उतरली. तिच्या तोंडासमोर अमेरिकनही मागे मागे पूल उतरली. दोन्ही गाड्या उलट्या! प्रवाशांनी खिडक्यांतून अक्षता म्हणून फुटाणे टाकले.

अड्याळच्या वेशीवर सूर्य हातभर राहिला होता. मांडवाच्या दारात श्यामराव घड्याळ हातात घेऊन उभे, चेहरा दगडाचा. मागे आरती घेऊन बायका, आणि बायकांच्या मागे सकाळी पोचलेलं आपलं वऱ्हाड, तोंडं सुकलेली. डफडं वाजत वाजत अमेरिकन आली आणि नवरदेव थेट आरतीपुढे येऊन थांबला. ड्रायव्हर शेवटी.

श्यामरावांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "हे काय आहे?"

तेजरामला मान पुढे वळवायची होती, पण ती वळेना. तो तसाच वाकड्या मानेने उतरला, आणि तोंडून निघून गेलं, "आमच्याकडची रीत आहे जी. नवरदेव पुढं, ड्रायव्हर मागं. मुलीकडच्यायले पाठ दाखवून नवरदेव येत नाई."

वऱ्हाडातल्या एकानेही अशी रीत बापजन्मात ऐकली नव्हती. श्यामरावांनी वऱ्हाडाकडे पाहिलं. इश्वरने तेजरामकडे पाहिलं. मग आत्या पुढे झाली, उलट्या पायाच्या भुताला स्मरून म्हणाली, "होय जी! माही बी वरात अशीच आली होती!" तिची वरात आली तेव्हा करडीत सायकलसुद्धा नव्हती. पण सगळ्या वऱ्हाडाने एकसाथ माना हलवल्या.

श्यामरावांच्या चेहऱ्यावरचा दगड हळूहळू फुटला. "वा! याले म्हणतात मान! आमचे लोक तं धूर सोडत येतात अन् ड्रायव्हर पहिले उतरते." सूर्य टेकला, मंगलाष्टकं सुरू झाली. इश्वरच्या गळ्यात माळ पडली तेव्हा तेजराम खांबाआड जाऊन रडला. मान वाकडी असल्यामुळे डोळ्यातलं पाणी कानात गेलं.

मान पंधरा दिवसांनी सरळ झाली. मग तो अमेरिकनला भिडला. पावसाळाभर खपून त्याने इंजिन काढलं, फिरवलं, धुराड्याला लांब नळी लावून धूर वर सोडला. चार गिअर पुढे, एक मागे! दिवाळीला पंचफुलाला माहेरी सोडायला तो अड्याळला निघाला, तोंड पुढे करून, छाती काढून, भर रस्त्याने.

श्यामरावांनी पाव्हण्यांची ती नामी गाडी पाहायला अख्खी आळी ओट्यावर बसवून ठेवली होती. अमेरिकन ऐटीत आली आणि दारात थांबली. कुणी टाळी वाजवली नाही. श्यामराव घाईघाईने उतरून आले. तेजरामच्या खांद्यावर हात ठेवून फार कळवळून म्हणाले,

"तेजरामजी, बिघडली का हो गाडी? लग्नात तं किती मस्त चालत होती!"