टूर्केलची रिकामी खिडकी

"हे मांडणशिल्प बिघडूच शकत नाही," टूर्केल हेल्क्विस्ट कॉफीत साखर ढवळत बायकोला म्हणाला. "कारण त्यात काही घडतच नाही."

माय-ब्रिटने पावाला लोणी लावता लावता वर पाहिलं. हे वाक्य तिने या ना त्या रूपात अनेकदा ऐकलं होतं. टूर्केलने ग्रंथालयात बर्फाची भिंत उभारली, तीही बिघडणार नव्हती. ती वितळली आणि तळघरातल्या जुन्या वर्तमानपत्रांत मुरली. बागेत त्याने गवताच्या गंज्यांचं 'स्मरणवर्तुळ' रचलं, त्याचा आस्वाद शेळ्यांनी उद्घाटनाआधीच घेऊन टाकला. एकदा कलादालनात ओली माती चढवताना लिफ्ट मध्येच अडकली. आत मातीबरोबर दालनाचा मालकही होता.

"आणि घडलंच काही, तर?" तिने विचारलं.

"तर सोमवारी नऊ वाजता इंग्वेच्या दुकानात हजर होतो. शब्द दिलाय ना मी?"

इंग्वे हा माय-ब्रिटचा भाऊ. ग्रेनहामन गावात त्याचं फरशांचं दुकान होतं, आणि त्याने मेहुण्यासाठी एप्रन शिवून त्यावर टूर्केलचं नावसुद्धा भरून घेतलं होतं. टूर्केलवर इतका विश्वास कलेच्या जगात आजवर कोणी दाखवला नव्हता. न्हाणीघराच्या फरशा विकण्याच्या कल्पनेनेच त्याला रात्री दरदरून घाम फुटायचा.

पण आता सुटकेचा मार्ग दिसत होता. राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयाच्या प्रमुख, रागनहिल्ड शेर्ना, दुपारच्या गाडीने ग्रेनहामनला येणार होत्या. काम आवडलं तर संग्रहालय ते विकत घेणार होतं. बाईंनी टूर्केलला कधी पाहिलेलं नव्हतं आणि आज पाहायचंही नव्हतं. 'कलाकृती मी एकटीने बघते. कलाकाराने आसपास घोटाळू नये,' असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

ग्रेनहामनच्या चौकात पूर्वी बँक होती, पोस्ट होतं, नगरपालिकेची कचेरी होती. एकेक करून सगळं बंद झालं आणि फोनवर ताटकळताना वाजणाऱ्या संगीतात जाऊन बसलं. त्या ओसाड चौकाच्या मधोमध टूर्केलने एक करडी लाकडी भिंत उभी केली होती. भिंतीत काचेची एक खिडकी, वर बंद पोस्टातून आणलेला आकड्यांचा दिवा, आणि समोर खांबावर ते लाल डबडं, ज्यातून नंबराची चिठ्ठी ओढतात. खिडकीमागे काहीच नव्हतं. आकडा कायम शून्यावर राहणार होता. माणूस येईल, चिठ्ठी ओढेल, थांबेल. कोणी बोलावणार नाही. मग त्याला आपलं एकाकीपण उमजेल आणि तो खिन्न होऊन घरी जाईल, अशी एकंदर योजना होती. शेजारी माहितीची पाटी लावा, असं नगरपालिकेने सुचवलं होतं. "कलेला पाटी लागते का?" असं विचारून टूर्केलने त्यांना गप्प केलं होतं.

सकाळी नऊ वाजता तो चौकासमोरच्या बेकरीत दालचिनीचा बन घेऊन खिडकीशी बसला. पहिल्या आल्या त्या ट्यूरा लुंडमार्क, शाळेतल्या कवायतीच्या निवृत्त बाई, चालताना आधाराला धरायची, बैठक असलेली चाकांची गाडी ढकलत. जाता जाता त्यांना लाल डबडं दिसलं आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. या देशात ते डबडं दिसलं की आधी नंबर घ्यायचा, काय मिळतंय ते नंतर बघायचं. त्यांनी चिठ्ठी ओढली, गाडीवरच्या बैठकीवर बसल्या आणि शून्याकडे पाहत राहिल्या. टूर्केलला भरून आलं.

मग टोपी घातलेला एक गृहस्थ आला. त्यानेही चिठ्ठी ओढली.

"फार वेळ लागतोय का?" त्याने विचारलं.

"आत्ताच उघडलंय वाटतं," ट्यूराबाई म्हणाल्या.

कशासाठी उघडलंय, हे त्याने विचारलं नाही. त्याच्या मागून आलेल्यांनीही विचारलं नाही. दोघं थांबलेत म्हटल्यावर तिसरा थांबला, तिघं थांबलेत म्हणून एक अख्खं कुटुंब. एकमेकांत हातभर अंतर ठेवून सगळे मुकाट उभे राहिले. टूर्केलचा बन अर्धा होईपर्यंत रांग कारंज्यापर्यंत पोचली.

"पासपोर्ट देतायत का हो?" बेकरीवाल्या गुद्रुनने काउंटर पुसत विचारलं.

"छे," कॉफी पिणारा एक म्हातारा म्हणाला. "बोटी बांधायच्या जागा वाटतायत, असं ऐकलं."

गुद्रुनच्या हातातलं फडकं गळून पडलं. ग्रेनहामनच्या धक्क्यावर बोटीची जागा मिळायला माणसाला आधी म्हातारं व्हावं लागतं. तिने एप्रनही न सोडता रस्ता ओलांडला. तिच्यामागे म्हातारा, म्हाताऱ्यामागे उरलेली बेकरी. टूर्केल एकटाच आत राहिला. दोन वाजता बाई येणार, आणि त्यांना दाखवायचा तो एकाकीपणा आता दाटीवाटीने उभा होता!

तो धावत चौकात गेला. "मंडळी, ऐका. इथे काही मिळणार नाही. ही कलाकृती आहे. मी बनवलीय."

"छान बनवलीय," ट्यूराबाई म्हणाल्या. "नंबर घेतलात का तुम्ही?"

"मला नंबर कशाला? मी हिचा कर्ता आहे."

"इथे प्रत्येकजण कोणीतरी आहेच," टोपीवाला हाताची घडी घालून म्हणाला. "आम्ही काय रिकामटेकडे आहोत? मागे जा."

"अहो, पण खिडकीमागे कोणीही नाहीये."

"म्हणूनच थांबलोय ना. कोणी असतं तर काम झालं नसतं का?"

शेवटी त्याने ठरवलं, दिव्याची वायरच उपसून टाकू. तो भिंतीला वळसा घालून मागे गेला. खिडकीत त्याचं डोकं दिसताच अख्ख्या चौकाने सुस्कारा सोडला.

"आला एकदाचा," कोणीतरी म्हणालं. "कामावर येतानाच केवढा वैतागलाय बघा."

वायर चाचपताना टूर्केलचा हात दिव्याबरोबर जुन्या पोस्टातून आलेल्या बटणावर पडला. टिंग असा आवाज झाला, शून्याचा एक झाला, आणि ट्यूराबाईंची गाडी खिडकीशी येऊन थांबली.

"बसथांब्यावरचं बाक," त्या म्हणाल्या. "काढून नेलंय. फोन केला तर म्हणे तीन दाबा. दाबला. मग म्हणे पाच दाबा. मी म्हटलं, बाई, मला बसायचंय, दाबायचं नाहीये."

"बघतो," तो म्हणाला.

"खरंच बघाल?"

"बघतो."

ट्यूराबाईंनी काचेखालून हात घालून त्याच्या हातावर थोपटलं. "फोन सुरू झाल्यापासून मला कोणी 'बघतो' म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि ताठ मानेने निघून गेल्या.

टूर्केलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे तर सोपं आहे! बटण दाबायचं, ऐकायचं, 'बघतो' म्हणायचं. दोनच्या आत चौक रिकामा. तो कामाला लागला. टोपीवाल्याला बोटीची जागा हवी होती. बघतो. एकीच्या गल्लीतला दिवा रात्रभर मिचमिचत होता. बघतो. दोन शेजारी कुंपणाच्या उंचीवरून भांडत आले, त्यांना 'बघतो' पुरेना, म्हणून त्याने "कमरेइतकं" असा निवाडा दिला. दोघांनी आधी कोणाची कंबर हे विचारलं, मग हस्तांदोलन केलं.

अडचण एवढीच झाली की समाधानी माणसं घरी जाऊन गप्प बसेनात. ग्रेनहामनमध्ये जिवंत माणूस बसलेली कचेरी उघडलीय, ही बातमी बंदरापर्यंत गेली, मग बंदरापलीकडच्या बेटांपर्यंत. बाराची बोट आली ती भरूनच. रांग आता चर्चला वळसा घालून गेली होती. टूर्केलने पुठ्ठ्यावर 'जेवणाची सुट्टी' लिहून काचेला लावलं, तेव्हा लोकांनी माना डोलावल्या. नियमाने चालणारी कचेरी दिसत होती.

आणि खरं सांगायचं तर टूर्केल खुशीत होता. त्याच्या कोणत्याही कामासमोर माणसं इतका वेळ उभी राहिली नव्हती. गुद्रुनने तिची तक्रार सांगून झाल्यावर बेकरीतली एक खुर्ची आणून दिली होती आणि एक ताजा बनही आत सरकवला होता.

दोनच्या सुमारास त्याला त्या दिसल्या. लांब काळा कोट, हिरव्या काड्यांचा चष्मा; वर्तमानपत्रातल्या फोटोत होत्या तशाच. रागनहिल्ड शेर्नांनी चौकाला एक फेरी मारली. कारंज्यात वाकून पाहिलं. दिव्याचा खांब, सायकलींचा ढीग, कबुतरं, सगळं भुवया आवळून न्याहाळलं. खिडकीकडे मात्र एक नजर टाकली आणि पुढे गेल्या. मग घड्याळ बघितलं, मान हलवली, आणि त्यांचा हात लाल डबड्याकडे गेला.

"बाई!" टूर्केल काचेतून ओरडला. "अहो, रागनहिल्डबाई, इकडे या. तुम्हाला नंबर नको."

रांगेतल्या माना वळल्या.

"ओळखीवर कामं चाललीयत," रांगेतला एक हळूच म्हणाला. या गावात याहून घाण शिवी नव्हती.

रागनहिल्डबाई कानापर्यंत लाल झाल्या. "मी या माणसाला ओळखत नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मी कोणतीही सवलत मागितलेली नाही." त्यांनी चिठ्ठी ओढली, रांगेच्या शेवटी गेल्या, आणि संशय राहू नये म्हणून मागून आलेल्या दोघांनाही पुढे जाऊ दिलं.

टूर्केल वेड्यासारखा बटण दाबू लागला. पण दिवसभर उभी राहिलेली माणसं काही घाईने बोलत नाहीत. एका आजोबांनी धक्क्याची तक्रार सांगण्याआधी धक्का कसा बांधला ते सांगितलं. चार वाजायला थोडाच वेळ उरला, तेव्हा कुठे बाई काचेसमोर आल्या. त्यांची परतीची गाडी चारलाच होती.

"तक्रार नोंदवायचीय," त्या म्हणाल्या. "मी राजधानीहून मुद्दाम आले. तुमच्या नगरपालिकेने हा चौक हेल्क्विस्ट नावाच्या कलाकाराला दिलाय. सगळा पालथा घातला. काहीही नाही. त्या माणसाने काम मांडलेलंच नाही. आहे कुठे तो?"

टूर्केलने तोंड उघडलं. दिवसभरात ते ज्या एका शब्दासाठी उघडत होतं, तोच बाहेर पडला.

"बघतो."

"कडक बघा. बाकी तुमची कचेरी उत्तम आहे, हो. राजधानीतसुद्धा अशी राहिली नाही." त्यांनी पर्स बंद केली.

"थांबा," टूर्केल काचेला नाक लावून म्हणाला. "बाई, तो हेल्क्विस्ट म्हणजे मीच. ही खिडकी, ही भिंत, हेच माझं..."

"एका नंबरावर एकच काम," रांगेतून आवाज आला.

"अहो, दोन मिनिटं!"

"सगळ्यांनाच दोन मिनिटं हवीयत."

"बरोबर आहे त्यांचं," रागनहिल्डबाई म्हणाल्या. "माझं काम झालंय." त्यांनी रांगेला नमस्कारादाखल मान झुकवली आणि स्टेशनची वाट धरली. वळणावर काळा कोट दिसेनासा झाला. टूर्केल खुर्चीत मटकन बसला. संग्रहालय गेलं, आणि तेही त्याने स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. इंग्वे उभा होता. दुकानातून सरळ चालत येऊन, सगळ्यांच्या पुढे. काखेत एप्रन.

"बघितलं सगळं," तो हसत म्हणाला. "चांगला बसतोस की गिऱ्हाइकासमोर! माझ्याकडेही हेच करायचंय, फक्त फरशा विकायच्या. सोमवारी, नऊ वाजता."

टूर्केलने मान वर केली. मेहुण्याकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या हाताकडे.

"नंबर?" त्याने विचारलं.

"काय?"

"नंबर घेतलास का?"

इंग्वे हसला. मग त्याने मागे वळून पाहिलं. अख्खी रांग त्याच्याकडे बघत होती. इंग्वेचं हसू विरलं. तोही शेवटी याच देशातला होता. तो लाल डबड्याशी गेला, चिठ्ठी ओढली आणि चर्चच्या वळणामागे रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिला.

चर्चमध्ये चारचे ठोके पडले. टूर्केलने पुठ्ठा उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहिलं, 'उरलेल्यांनी सोमवारी यावं. नऊ ते चार.' लोकांनी चिठ्ठ्या जपून पाकिटात ठेवल्या आणि घरोघर पांगले. इंग्वे तेवढा धापा टाकत खिडकीशी आला.

"अरे, पण सोमवारी नऊला तू माझ्याकडे असणार ना?"

"ते सोमवारी खिडकीवर सांग," टूर्केल म्हणाला. "नंबर आला की."