बाबांची कॅप्सूल आणि माझं प्रॅक्टिकल

एक कॅप्सूल फोडायची, एवढंच मी ठरवलं होतं.

बाबा टॉवर क्रेन चालवतात. क्रेनवर चढणाऱ्याचं वजन एकशे दहा किलोच्या आत हवं, असा कंपनीचा नियम. बाबा एकशे अठरा. तीन महिन्यांत उतरलं नाही तर क्रेन जाणार आणि गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे. वीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यावर बसलेल्या माणसाला (घरातही) हे मरणच.

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका प्रयोगात घातलं. पोटात चांगले जंतू सोडले तर वजन उतरतं का, ते बघायचं. निम्म्यांना जंतूंच्या कॅप्सूल, निम्म्यांना नुसती पावडर. कोणाला काय, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. सोबत मोजून जेवण आणि रोज चालणं.

अडीच महिन्यांत बाबा एकशे अकरावर आले आणि आईपाशी कुरकुरायला लागले. "मला पावडरच दिली असणार. आयुष्यात मला खरं काही मिळालंय का? याच्याकडे बघ."

याच्याकडे म्हणजे माझ्याकडे. मी मायक्रोबायोलॉजी दुसऱ्या वर्षी सोडली. (प्रॅक्टिकलला नापास केलं. फ्लास्क नीट निर्जंतुक केला नाही म्हणे. सरांचा माझ्यावर डूख होता, दुसरं काही नाही.) मोठ्यांना स्वतःची चूक कधी दिसत नाही, हे कळायला डिग्री लागत नाही.

म्हटलं, दाखवतोच. ओट्यावरचं वाडगं घेतलं, कोमट दूध ओतलं, कॅप्सूल फोडून टाकली. संध्याकाळपर्यंत घट्ट दही.

"जिवंत आहेत," मी जाहीर केलं.

बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. त्याच दिवसापासून चालणं बंद आणि भात तीनदा. "आता काम त्यांचं. कोट्यवधी मजूर लावलेत. मुकादमानं स्वतः घमेलं उचलायचं नसतं."

आठवड्यात काटा एकशे तेरावर. वजनाला उरले आठ दिवस. त्या सकाळी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझं विरजणाचं वाडगं गेल्या आठवड्यात कोणी घेतलं होतं? मी ते घासत नाही, रोज त्यातच दही लावते."

त्या वाडग्यात खडू टाकला असता तरी दही लागलं असतं.

दुसरा प्रयोग गुपचूप केला. वाडगं वीस मिनिटं उकळलं, दूध उकळलं, आणि हवेतलं काही पडायला नको म्हणून वाफाळत्या दुधातच कॅप्सूल टाकली. दुसऱ्या दिवशी दूध ते दूधच.

म्हणजे पावडर. सांगावं की नाही? सांगितलं. बाबांच्या हातात घास होता. तो त्यांनी ताटात परत ठेवला आणि उठले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढचे सात दिवस ते काकडी खात होते आणि आमच्या इमारतीचे सात मजले चढत-उतरत होते.

वजनाच्या दिवशी मी सोबत गेलो. काटा एकशे दहा पूर्णांक चार. बाबांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढला. फोन काढला. पट्टा काढला. पँट एका हाताने धरून उभे राहिले. एकशे नऊ पूर्णांक आठ.

"जमलं," डॉक्टरीणबाई सही करत म्हणाल्या.

"तेही पावडरवर," बाबा म्हणाले. "चिरंजीवांनी तपासलंय."

बाईंचं पेन थांबलं. "कसं?"

मी सगळं सांगितलं. दुसरा प्रयोग तर जरा ऐटीतच.

"वाफाळत्या दुधात? अरे, जंतू असते तरी मेले असते. आधी वाडगं न घासलेलं, मग दूध उकळतं. यातून काहीच कळत नाही."

बाबा पट्टा बांधून माझ्याकडे वळले.

"तुझे ते प्रॅक्टिकलवाले सर," ते म्हणाले, "राहतात कुठे? माफी मागायचीय. तुझ्या बाजूने मी त्यांना तीन पानं शिव्या लिहून पाठवल्या होत्या."