चार कप्प्यांचा मधू

माझा धाकटा भाऊ मधू दर सोमवारी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून कॉम्प्युटरच्या पडद्याचे काठ बदलायला बसतो. लोक सोमवारी महादेवाला जातात, हा काठाला जातो.

"अक्का, जांभळा बरा की मोरपंखी?" असं गल्लीच्या पलीकडून ओरडून विचारतो. पिंप्राळ्यात आमची घरं समोरासमोर, त्यामुळे येणारेजाणारेही मत देतात. एकदा भाजीवाली म्हणाली, "नाना, मोरपंखी घ्या. धुतल्यावर जात नाही." तिला वाटलं, म्हातारा साडी घेतोय.

तर हे काठ कसले, ते सांगते. टीमक्स नावाचा एक प्रोग्राम असतो. एकाच काळ्या पडद्याचे त्यात हवे तेवढे कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यात वेगळं काम चालू ठेवायचं. मधूचे कप्पे चार, आणि त्यांच्या मधल्या रंगीत रेघा म्हणजे हे काठ. सावद्याला माझा जावई सुनील केळी पिकवायची चेंबरं चालवतो. हिरवी केळी आत जातात, पिवळी होऊन बाहेर येतात. अशी चार चेंबरं. कोणतं आतून किती गरम आहे, ते मधूला घरबसल्या कप्प्यात दिसतं. आकडा चढला की लाल होतो आणि मधूनं सावद्याला फोन करायचा. नाही केला तर गाडीभर केळी आतल्या आत उकडून जातात. रात्री तिथला वॉचमन बघतो. दिवसा सगळे केळीच्या बागेत असतात, म्हणून दिवसाचा पहारा मधूचा.

पाइपच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर त्यानं हे काम मागून घेतलं. लग्न केलं नाही, देवधर्माचं वेड नाही, पत्ते येत नाहीत. सकाळी उठायला माणसाला काहीतरी लागतं. सुनीलरावांनी मागे भोंगा बसवायचं काढलं, म्हणजे आकडा चढला की आपोआप वाजेल. हा दोन दिवस जेवला नाही. "मग मी कशाला? माझा फोटोच लावा ना तिथं, हार घालून!" भोंगा बसवायचा राहिला.

पण चार आकडे बघायला कितीसा वेळ लागतो? उरलेला दिवस सजावटीत. कप्प्यांवर हुकूम चालवायला दोन बटणं एकदम दाबावी लागतात. ती कोणती असावीत, यावर त्यानं अख्खा श्रावण घालवला. मूळची बटणं करंगळीला लांब पडतात म्हणे. खालच्या पट्टीवर घड्याळ आणि कप्प्यांची नावं असायची. ती पट्टी एके दिवशी उचलून वर लावली. मी म्हटलं, "मधू, उंबरा काढून चौकटीच्या डोक्यावर बसवलास की रे." तर म्हणाला, "आता फायनल शे, अक्का. आता हात नाही लावायचा." आमचं माहेर शिरपूरकडचं. खुशीत आला की, नाहीतर अगदी मनातलं बोलायला लागला की, त्याच्या तोंडी गावाकडची बोली येते. ते फायनल गुरुवारपर्यंत टिकलं.

मी त्याला फार हसायचे, पण खरं सांगायचं तर हा रोग माहेरच्या रक्तातला आहे. लग्नाआधी मी धुळ्याला टायपिंगच्या क्लासला जात असे, ते डोळ्यांवर बिननंबरचा चष्मा चढवून. शिकलेली दिसावी म्हणून! काच इतकी साधी की मास्तरांनी एकदा त्यातून बोट घालून दाखवलं, कारण डावीकडची पडून गेलेली मला कळलंच नव्हतं. सासरी आले तर दर महिन्याला डब्यांची मांडणी बदलायचे. कधी उंचीप्रमाणे, कधी रंगाप्रमाणे. सासूबाईंना महिनाभर मीठ सापडायचं नाही, आणि मला वाटायचं, घर कसं टापटीप चाललंय. काय ध्यान होते मी!

गेल्या दिवाळीपासून मधूची सजावट जरा वेगळ्याच वळणाला लागली. आधी अक्षरं मोठी झाली. मग आणखी मोठी. आता तर माझ्या ओट्यावरून त्याचे आकडे वाचता येतील असे. मग काळ्यावरच्या अक्षरांचा राखाडी रंग गेला, पिवळा आला. पिवळा जाऊन पांढराफेक. काठ तर दोरखंडाएवढे जाड. आणि हळूहळू एकेक कप्पा उजवीकडे सरकायला लागला. डावी बाजू ओस.

"काय रे, तिकडे भाडेकरू ठेवतोस का?"

"हवा खेळू दे जरा, अक्का. दाटीवाटी बरी नाही दिसत."

तीन कप्पे उजवीकडे एकावर एक बसले. पण अक्षरंच एवढी मोठी, चौथा काही मावेना. तो बिचारा डावीकडे खाली एकटा राहिला, घरातल्या नकोशा पाहुण्यासारखा.

परवा दुपारी मी गवारीच्या शेंगा घेऊन त्याच्याकडे बसले होते, त्याच्या डाव्या हाताला. तो नव्या काठाच्या नादात. शेंगा मोडता मोडता, शेजारच्यांच्या सुनेनं सासूला कसं सुनावलं ते मी त्याला रंगवून सांगत होते. सांगून झालं, शेंगाही मोडून झाल्या. मग माझं लक्ष गेलं.

"मधू, ते लाल काय आहे रे? नवीन रंग का?"

"कुठं?"

"हे काय, माझ्या समोर."

त्यानं नुसती नजर वळवली नाही. चिमणी दाणा बघताना करते तशी अख्खी मान वळवली. चौथा कप्पा लालभडक होता. मग सावद्याला फोन, धावपळ. सुनीलरावांचा माणूस बागेतून गाडी हाणत आला, गार हवेचं बंद पडलेलं मशीन सुरू केलं. बरीच केळी वाचली. दाराजवळची गेली.

मधूनं फोन ठेवला. मग म्हणाला, "अक्का, ते कितीक वेळ लाल होतं?"

"आत्ताच तर झालं. झालं नि मी तुला सांगितलं," मी ठोकून दिलं.

त्यानं पुन्हा मान वळवून पडद्याकडे बघितलं. केव्हापासून चढलं, ती वेळ आकड्याच्या शेजारीच लिहून येते म्हणे. मला काय माहीत! त्यानं ती वाचली.  मांडीवरचं गवारीचं ताट मला एकदम जड झालं.

"काचबिंदू शे," तो म्हणाला. "डावा डोळा गेल्यासारखाच. उजव्यात खिडकीएवढं उरलंय. डॉक्टर म्हणतो, थेंब टाका. गेलं ते येत नाही, उरलंय ते राखायचं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू घास भरवायला बसली असतीस. गल्लीभर झालं असतं ते वेगळंच."

खरंच होतं ते. आणि मी बाई आठ महिने मजेत विचारत होते, भाडेकरू ठेवतोस का.

त्यानं लगेच परत स्पीकरवर फोन लावला. "सुनीलराव, तो भोंगा बसवून घ्या. आणि दुसरा माणूस बघा."

"मामा, एकदा उशीर झाला म्हणून कोणी असं—"

"एकदाचं नाही. डोळ्यांचं आहे."

 मग सुनीलराव म्हणाले, "तुम्ही नुसते बसा ना मामा. आई आहेत, त्या वाचून दाखवतील."

"अक्का?" मधू हसला. "ती चार आकडे सांगायच्या आधी चार घरांच्या बातम्या सांगेल. तेवढ्यात केळ्यांचं शिकरण होईल."

मीही हसले. दुसरं करणार काय!

मग त्यानं सगळं उतरवायला घेतलं. काठ बारीक केले. अक्षरं लहान केली. मला मुंग्या चालल्यासारखी दिसायला लागली, त्याला तर तेवढंही नाही. बोटांच्या सवयीनंच करत होता. पट्टी वरून काढून खाली लावली. तिचा मूळचा साधा हिरवा रंग तिला परत दिला. बटणंही पहिली होती तीच.

"अरे, एवढं हौसेनं केलेलं. राहू दे की."

"नव्या माणसाला माझं हे कसं सापडेल, अक्का? त्याला सगळीकडे असतं तसं पाहिजे."

चार सारखे कप्पे झाले, दोन वर, दोन खाली. कुणाच्याही पडद्यावर असतात तसे. "सरळ आलेत ना गं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "ओळंब्यात आहेत." मग त्यानं करंगळी लांब ताणून दोन बटणं दाबली, सोडली, आणखी एक दाबलं. चारही कप्पे एकदम नाहीसे झाले. काळ्या पडद्यावर एक बारीक ओळ तेवढी उरली.

मी पडद्याकडे वाकले. "बंद केलंस?"

"नाही गं. आत बठ्ठं चालू शे, चारही कप्पे. तिकडून कोणीही उघडलं तरी जसंच्या तसं दिसेल. मी तेवढा बाहेर आलो."

तो तसाच पडद्याकडे तोंड करून बसला. मी ताट खाली ठेवलं, माझी खुर्ची उचलली, आणि मागून वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला नेऊन बसले.